अनुभव धागा: ईस्टर बास्केट, थोडक्यात आणि त्या मुलाला ओळखून भरलेली

होळी उरकली की इथल्या प्रत्येक दुकानात एक अख्खी रांग गुलाबी, पोपटी, फिकट जांभळी होऊन जाते. मुलांना ईस्टरला द्यायच्या, सेलोफेनमध्ये बांधलेल्या तयार बास्केट बघितल्यात ना? वरून भरगच्च दिसतात, सोडल्या की आत एक पोकळ चॉकलेटचा ससा, चार गोळ्या, एक तकलादू खेळणं आणि खाली सगळं हिरवं प्लॅस्टिकचं गवत. पंचवीस-तीस डॉलर जातात आणि मंगळवारपर्यंत निम्मा माल सोफ्याखाली असतो.

आम्ही न्यू जर्सीत, लेक ८ वर्षांची, मुलगा ५. डे-केअरमध्ये असताना हे ईस्टर प्रकरण घरात शिरलं, आता ते बंद करायची सोय नाही आणि खरं सांगू का, मलाही बास्केट भरायला आवडतं. फक्त मला ते आटोपशीर हवं असतं. मी काय करते, तर फोनमध्ये एक नोट ठेवलीय, मुलं जाता जाता जे बोलतात ते त्यात टाकायचं, दुकानात हट्ट करून मागतात ते नाही हं, सहज बोलून जातात ते. गेल्या वर्षी मुलगा सारखा बाबाच्या टूलबॉक्समधला मेजरिंग टेप पळवायचा, तर बास्केटमध्ये त्याचा स्वतःचा छोटा टेप, एक जाड पेन्सिल आणि डायरी. त्या दिवशी त्याने घरातलं सगळं मोजलं. फ्रीज, आजोबांची मिशी, माझ्या पोळ्या. पोळ्यांचे आकडे डायरीत ओळीने लिहिलेत, एकही दुसरीशी जुळत नाही. लेकीला नीट कापणारी चांगली कात्री, मुठीवर तिचं नाव घालून, भावाने हात लावायचा नाही असा करार. शिवाय दोघांना एकेक पुस्तक, मोजे आणि एक बरं चॉकलेट. बस. ससा नाही, गवत नाही.

यंदा २०२६ चं ईस्टर ५ एप्रिलला आहे. तर तुम्ही काय भरता, कशात भरता, मुलं केवढी आहेत, आणि मुख्य म्हणजे महिन्याभराने त्यातलं काय शिल्लक असतं ते लिहा. मोठं लिहिलंत तरी चालेल.

ह्यूस्टनची मावशी

छान धागा. माझं म्हणणं असं की मुळात बास्केट विकतच घेऊ नका. जे तसंही घ्यायचं आहे तेच उलटं करून त्यात भरा. धाकटीला सायकलचं हेल्मेट घ्यायचं होतं, ते उलटं ठेवलं, आत घंटी, खडूचा डबा आणि साबणाचे फुगे, झाली बास्केट. थोरल्याला एकदा गमबुटांत भरून दिलं होतं, तो एक बूट रिकामा करून दुसऱ्यात बघायलाच विसरला, दुपारी पाय घालायला गेला तेव्हा ओरडला. झारी, वाळूची बादली, पोहायच्या क्लासची पिशवी, काहीही चालतं. खाली गवताच्या जागी टॉवेल नाहीतर नवीन टीशर्ट चुरगाळून ठेवायचा.

गवताचं आणखी एक. आमच्याकडे मांजर आहे. तो चमकणारा कचरा मांजरं चघळतात, गिळतात आणि तो आतड्यात अडकला की थेट ऑपरेशन. ईस्टर लिलीची कुंडी कोणी भेट दिली तरी मांजराच्या घरात घेऊ नका, नुसते परागकण अंगावर पडून तिने ते चाटले तरी किडनी निकामी होऊ शकते. कुत्रेवाल्यांनी चॉकलेट उंचावर ठेवा, आणि शुगर-फ्री गोळ्या-च्युइंगममध्ये झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यांना चॉकलेटपेक्षाही वाईट.

निवांत_बसलोय

एक प्रामाणिक प्रश्न. हा आपला सण आहे का? पाडव्याला मुलांच्या तोंडात कडुलिंबाची पानं कोंबणारे आपण, आता ससा आणि अंड्यांवर अनुभव धागे काढणार?

धागाकर्ती

दोन्ही करतो हो दादा. कडुलिंब त्यांना, गाठी मला. आणि गुढीला बांधलेल्या गाठी उरतात ना, रंगीत साखरेच्या, त्या या बास्केटमध्ये इतक्या शोभतात की शेजारच्या मुलांना वाटलं ही काहीतरी महागडी कँडी आहे. पाडवा १९ मार्चला झाला की डब्यात घट्ट झाकून ठेवायच्या, दमट हवेत पाणी सुटतं त्यांना.

वसईकर_शिकागोत

"आपला सण आहे का" वाचून हसू आलं :) आमचा तर आहे. आम्ही मूळचे वसईचे ख्रिस्ती, आता शिकागोजवळ, मुलं १० आणि ७. पण लहानपणी आमच्याकडे बास्केट वगैरे नव्हती. बेकरीतून मार्झिपॅनचं, म्हणजे सुक्यामेव्याच्या गोड लगद्याचं, अंडं यायचं, त्यावर आयसिंगची फुलं, आणि बाबांची ऐपत असेल त्या वर्षी वर नाव घालून. ते अंडं आम्ही भावंडं सुरीने असं मोजून कापायचो की कोर्टात निकाल लागावा.

इथे आल्यावर मुलांना शाळेतून बास्केट कळली. नवरा म्हणाला देऊ या, पण मला ते ईस्टरआधीच्या उपवासकाळाशी जोडलेलं हवं होतं, नाहीतर मग नुसतं दुसरं ख्रिसमस होतं. तर आमच्याकडे राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, प्रत्येकजण काहीतरी सोडतो, मुलं बहुतेक चॉकलेट नाहीतर टॅब्लेट. चर्चमधून पुठ्ठ्याचा छोटा डबा मिळतो, राइस बोल म्हणतात, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या मदतसंस्थेचा, त्यात सुट्टे पैसे टाकायचे आणि शेवटी चर्चमध्ये नेऊन द्यायचा. धाकटा तो रोज हलवून बघतो. मग पवित्र आठवड्यात १२ प्लॅस्टिकची अंडी काढतो, प्रत्येकात येशूच्या शेवटच्या दिवसांची आठवण देणारी एक छोटी वस्तू, गाढव, नाणी, काटा, खिळा, दगड, आणि बारावं रिकामं. पहिल्या वर्षी मुलगी बारावं उघडून "आई, यात भरायचं राहिलं" म्हणाली होती. रिकामं का ते तेव्हाच सांगितलं, येशूची कबर रिकामी होती म्हणून, आणि तिला ते जे बसलं ते बसलं, आता तीच धाकट्याला सांगते.

आमच्या चर्चमध्ये पोलिश लोक पुष्कळ. शनिवारी ते घरून परड्या आणतात, आशीर्वाद घ्यायला. त्यात खेळणं एकही नाही, सगळं खायचं. उकडलेली अंडी, पाव, मीठ, सॉसेज, हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ), आणि लोण्याचं कोकरू, डोळ्यांना दोन काळे मिरे. वर पांढरा विणलेला रुमाल. फादर येऊन सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात आणि ते अन्न रविवारी सकाळी घरी एकत्र खायचं. मला ते बघूनच सुचलं. आता आमच्या मुलांच्या परडीत निम्मं असं असतं जे त्यांनी दुसऱ्यांना वाढायचं. मुलगी स्वतः नानखटाई करते, जमेल तशी, आणि शेजारच्या पोलिश आजींना नेऊन देते. बाकी परडीत एक गोष्टीचं पुस्तक, एक जपमाळ किंवा छोटं चित्र, आणि त्यांनी जे सोडलेलं असतं ते, म्हणजे चॉकलेट सोडलं असेल तर चॉकलेट. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर ते पहिलं चॉकलेट खाताना धाकट्याचं तोंड बघण्यासारखं असतं, अहो डोळे मिटून खातो.

निवांत_बसलोय

वसईकर ताई, शब्द मागे. नानखटाईचं प्रमाण द्या.

जिलेटिन_शोधक

बे एरिया, पूर्ण शाकाहारी घर, अंडंही नाही, मुलगी ६. बायको म्हणते तुम्ही दुकानात लेबलं वाचत उभे राहता ते बघून लोकांना वाटतं तुम्ही इन्स्पेक्टर आहात. पण वाचावं लागतं. ते पिवळे मार्शमॅलोचे पिल्लू, पीप्स, त्यात डुकराचं जिलेटिन. बहुतेक गमी बेअर, जिलेटिन. जेली बीन्समध्ये बऱ्याचदा जिलेटिन नसतं पण वरची चकाकी कन्फेक्शनर्स ग्लेझची, म्हणजे शेलॅक, म्हणजे लाखेच्या किड्यापासून, ते तुम्हाला चालतं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, आमच्याकडे त्यावरून मतभेद आहेत (मला नाही, आईला चालतं!!). पेक्टिनवाल्या, म्हणजे फळांपासूनच्या घट्टपणाच्या, गमी मिळतात, त्या घेतो.

अंडी रंगवायचा कार्यक्रम लाकडी अंड्यांवर. एका डझनाचं पाकीट आणलं की झालं, ती दरवर्षी रंगवते, आम्ही वरून पुन्हा पांढरा रंग मारून ठेवतो, आता एकेका अंड्यावर इतके थर झालेत की आकारच बदललाय. ज्यांना वॉशिंग्टन जवळ आहे त्यांच्यासाठी, व्हाइट हाउसच्या हिरवळीवर ईस्टरच्या सोमवारी एग रोल असतो, १८७८ पासूनची प्रथा, पळीने अंडं ढकलत न्यायची शर्यत. तिकिटं ऑनलाइन लॉटरीने, फुकट. मुलांना आठवण म्हणून लाकडी अंडं देतात.

बास्केटमधली मुलीची सगळ्यात आवडती वस्तू मात्र माझ्या आईने केलेली. जुन्या इरकलीची काठवाली पिशवी, नाडी ओढायची, आत खडीसाखर आणि बेदाणे. बाकीचं सगळं गेलं, ती पिशवी अजून शाळेच्या दप्तराला लटकतेय.

माहितीखोर

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. ससा अंडी आणतो ही भानगड जर्मन भाषिक मुलखातली. १६८२ मध्ये गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ नावाच्या डॉक्टरने ईस्टरच्या अंड्यांवर लिहिलं त्यात याचा उल्लेख आहे, आणि डॉक्टरच असल्यामुळे फार अंडी खाऊन पोट बिघडतं तेही त्याने लिहून ठेवलंय. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मनांनी ही गोष्ट सोबत आणली, त्यांची मुलं टोप्यांची घरटी करून ठेवायची, सशाने त्यात अंडी घालावीत म्हणून. बास्केट ही त्या घरट्याची पुढची पिढी. त्यामुळे ह्यूस्टनच्या मावशींचं हेल्मेट म्हणजे मूळ परंपरेच्या जास्त जवळ आहे!

आणि तारीख दरवर्षी का हलते विचारणाऱ्यांसाठी, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कधीही येतं. (चर्चची पौर्णिमा कोष्टकातली असते, त्यामुळे कधीमधी पंचांगाशी फरक पडतो.) आपल्या भाषेत बहुतेक वर्षी हनुमान जयंतीनंतरचा रविवार. यंदा २ एप्रिलला हनुमान जयंती, ५ ला ईस्टर. २०२४ सारख्या वर्षी मात्र होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला आलं होतं.

स्टुटगार्टकर

जर्मनीत बास्केट नसतेच, ओस्टरनेस्ट म्हणतात, घरटं, आणि ते लहान असतं हेच मला आवडतं. किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, मुलं स्वतः करतात, पुठ्ठा, लोकर, गवत, कधी कागदी प्लेटवर दोन कान चिकटवून. त्यात एक रंगवलेलं उकडलेलं अंडं, एक छोटा ससा, दोन-तीन चॉकलेटची अंडी. संपलं. रविवारी सकाळी बागेत लपवायचं आणि शोधायचं. आमच्याकडे बाग नाही, मग बाल्कनीतल्या कुंड्या, बुटांचं कपाट, वॉशिंग मशीन. एकदा बाहेर बर्फ पडत होता तेव्हा सगळं घरातच केलं, मुलाला काही फरक पडला नाही.

नव्याने आलेल्यांना एक सूचना, गुड फ्रायडे, रविवार, सोमवार दुकानं बंद. जे काय घ्यायचं ते गुरुवारी नाहीतर शनिवारी, आणि शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

घरट्यासोबत आम्ही क्रेसे पेरतो, म्हणजे हळिवाचे दाणे, आपल्या लाडवातले तेच. अंड्याचं वरचं टोक हलक्या हाताने फोडून कवच धुवायचं, आत ओला कापूस, वर दाणे, खिडकीत ठेवायचं. कवचावर डोळे-नाक काढलं की आठवड्याभरात त्याला हिरवे केस येतात. मुलगा (५) ते केस स्वतः कात्रीने कापतो, पावावर लोणी लावून वर घालून खातो, एरवी हिरवं काही दिसलं की ताट सरकवणारा हा मुलगा. म्हणून मी हा प्रकार धाग्यात खास लिहायला आलो. यंदा बाल्कनीत फांद्यांना अंडी टांगायचाही बेत आहे, इथे घरोघरी फुलदाणीत फांद्या ठेवून असं करतात.

भाऊ अमेरिकेत आहे, त्याच्या मुलांना इथली खेळणंवाली चॉकलेटची अंडी हवी असतात. ती नेता येत नाहीत हे माहीत असू द्या. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने खाण्याच्या वस्तूच्या आत न खाण्याची वस्तू लपवायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तिकडे मिळतं ते किंडर जॉय, त्यात खेळणं आणि खाऊ वेगवेगळ्या अर्ध्या भागांत असतो.

वॉर्ड_नंबर_४

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे (अमेरिकेतच), म्हणून जरा कडू बोलते. वर कोणीतरी लहान मुलांची वयं लिहिलीत, घरात ४ वर्षांखालचं कोणी असेल तर जेली बीन्स, कडक गोल गोळ्या, अख्खे दाणे, पॉपकॉर्न, मार्शमॅलो बास्केटमध्ये नकोत. मोठ्याच्या बास्केटमध्ये पण नकोत, कारण धाकटं तिथेच पोचतं. खेळण्याचं मोजमाप सोपं, टॉयलेट पेपर संपल्यावर पुठ्ठ्याची नळी उरते त्यातून जे आरपार जातं ते ३ वर्षांखालच्याच्या हातात द्यायचं नाही. लायटिंगवाली अंडी, लुकलुकणाऱ्या अंगठ्या, यात बटन बॅटरी असते, ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, वाट बघत बसायचं नाही, लगेच इमर्जन्सीत. आणि पाण्यात फुगणारे ते रंगीत मणी, वॉटर बीड्स, ते कुठल्याच वयाच्या बास्केटमध्ये नकोत, पोटात जाऊन फुगतात आणि आतडं अडवतात.

२ वर्षांखालच्या बाळाला साखर घातलेलं काही द्यायचंच नाही असं इथले डॉक्टर सांगतात. मग काय द्यायचं? माझ्या भाचीला पहिल्या ईस्टरला मी लाकडी चमचे, स्टीलची वाटी आणि एक कापडी पुस्तक दिलं. वाटीवर चमचा आपटून तिने सगळ्या बिल्डिंगला उठवलं. तुमच्या जाऊबाईंशी पटत नसेल तर उत्तम भेट.

कानाने_बघणारी

मी सहसा वाचून जाते, आज लिहितेय. माझी मुलगी ६ वर्षांची, तिला फार कमी दिसतं. पार्कमधल्या एग हंटमध्ये, म्हणजे लपवलेली अंडी शोधायच्या खेळात, ती दोरीच्या अलीकडे उभी असायची आणि शिट्टी वाजली की बाकी मुलं पळत सुटायची, मिनिटभरात सगळं मैदान साफ. कोणी वाईट नव्हतं, एक मोठा मुलगा येऊन तिच्या हातात दोन अंडी ठेवून गेला, पण शोधण्यातली मजा तिला मिळाली नाही.

मग कळलं की बीप वाजणारी अंडी असतात. इथे अमेरिकेत अनेक ठिकाणी बॉम्बशोधक पथकातले लोक ही अंडी तयार करतात आणि न दिसणाऱ्या मुलांसाठी वेगळा हंट ठेवतात. आम्ही गेलो. मुलगी गवतात थांबली, मान वाकडी करून ऐकलं, चार पावलं गेली, परत थांबली, मग सरळ गुडघ्यावर बसून हात फिरवला आणि अंडं उचललं. बटण बंद केलं की बीप थांबतं, तिला तेच जास्त आवडलं, चालू-बंद, चालू-बंद, तिथल्या पोलीस काकांनी तिला ते करू दिलं.

घरची बास्केट मी आता कानाला आणि हाताला कळेल अशी भरते. परडीच्या कडीला घुंगरू. साध्या प्लॅस्टिकच्या अंड्यांमध्ये जोड्या करायच्या, दोनात तांदूळ, दोनात नाणी, दोनात मूग, दोनात छोटी घंटी, टेपने पक्की बंद करायची. तिने हलवून जोड्या लावायच्या. नाण्यातही ती क्वार्टर आहे की पेनी हे सांगते, मला येत नाही ओळखायला. कागदी चिठ्ठीऐवजी ब्रेल स्टिकर. वासाचा साबण, खरखरीत आणि मऊ दोन प्रकारचे मोजे. डोळस भाऊ (४) आता डोळ्याला रुमाल बांधून हाच खेळ मागतो आणि दरवेळी हरतो.

धागाकर्ती

हे वाचून पुढे काय लिहावं सुचेना. जोड्यांचा खेळ मी करणार यंदा, दोघांसाठी.

सिअ‍ॅटल_पाऊसवाला

आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सचा हंट मी बघतो, पाच-सहा घरांची मुलं मिळून. भांडण टाळायचं असेल तर एकच करा, प्रत्येक मुलाला एक रंग वाटून द्या. निळी अंडी आरवची, पिवळी सियाची असं (नावं बदललीत). आपल्याच रंगाचं उचलायचं, दुसऱ्याचं दिसलं तर सांगायचं नाही. लहानांची अंडी जमिनीवर समोर, मोठ्यांची छळवादी जागी, नळाच्या मागे, सायकलच्या सीटखाली. कुठे ठेवली याची यादी करून ठेवा.

आत काय? आम्ही कँडी जवळपास बंद केली. प्रत्येक मुलासाठी एक छोटं जिगसॉ घेऊन त्याचे तुकडे त्याच्या अंड्यांत वाटतो, सगळी अंडी सापडली की चित्र पुरं होतं, आणि चित्रावर मागच्या बाजूला स्केच पेनने बास्केट कुठे लपवलीय ते लिहिलेलं असतं. मुलं चक्क अर्धा तास शांत बसतात. इतर आयडिया म्हणजे लेगोचे सुटे भाग, फुलांच्या बिया, "आज झोपायला उशिरा" अशी चिठ्ठी. प्लॅस्टिकची अंडी मी परत गोळा करतो, रिकामी अंडी खोक्यात टाकल्याशिवाय ज्यूस मिळत नाही, त्यामुळे तेच खोकं दरवर्षी चालतंय.

खरी उकडलेली अंडी वापरणार असाल तर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि रंगवलेली फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवा. रंगासाठी कांद्याची सालं, हळद, बीट, आणि जांभळ्या कोबीचं पाणी, त्यात व्हिनेगर घालायचं. कोबीतून निळा रंग येतो, जांभळा नाही, मुलांना हे जादू वाटतं.

मेलबर्नची_आई

आमच्याकडे ऋतूच उलटा, ईस्टर शरद ऋतूत येतं, पानं गळत असतात आणि तुम्ही लोक वसंताच्या बास्केटा भरता. इथे सशाचं फार कौतुक नाही, सशांनी या देशाच्या शेतीचं आणि जंगलाचं वाटोळं केलंय, म्हणून चॉकलेटची बिल्बी मिळते, लांब कानांचा इथला प्राणी, कमी होत चाललेला. शाळेत ईस्टर हॅट परेड असते, आदल्या रात्री ११ वाजता टोपीला कापूस कोण चिकटवतं ते सगळ्या आयांना माहीत आहे.

माझी मुलं आता १३ आणि १६. मोठी मुलं म्हणतात "आम्ही काय लहान आहोत का", पण बास्केट नसली तर तोंडं पडतात. १६ वाल्याचं लर्नर लायसन्स आलंय. व्हिक्टोरियात २१ च्या आतल्यांना परीक्षेआधी १२० तास मोठ्या माणसासोबत गाडी चालवून लॉगमध्ये भरावे लागतात, रात्रीचे पण त्यातच. तर त्याच्या बास्केटमध्ये मी कूपनं टाकली, "आईबरोबर एक तास, आई काही बोलणार नाही", "आईबरोबर एक तास, रस्ता तू निवड", "रात्रीचं ड्रायव्हिंग, परत येताना बर्गर". सोबत चांगले मोजे आणि एक बिल्बी. "आई काही बोलणार नाही" वालं कूपन त्याने पहिल्याच दिवशी वापरलं आणि मी तासभर दाराचा हँडल धरून गप्प बसले. १३ वालीला एक महागातला शॅम्पू, जो मी एरवी घेऊ देत नाही, आणि कुलूपवाली डायरी.

यंदा ५ एप्रिललाच इथलं डेलाइट सेव्हिंग संपतंय, घड्याळ एक तास मागे. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी शनिवारी लवकर झोपा, सहाला उठणारी पाचला उठतील.

फुलं_आणि_झाडू

स्टॉकहोम. थोडक्यात लिहिते. इथे कागदाचं मोठं अंडं मिळतं, मधून उघडणारं, वर कोंबडीची नाहीतर फुलांची चित्रं, त्यात गोळ्या भरतात. तेच अंडं दरवर्षी माळ्यावरून काढायचं, नवीन घ्यायचं नाही. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मुलं म्हातारीचा वेश करतात, डोक्याला रुमाल, गालावर लाल ठिपके, हातात झाडू, आणि घरोघरी स्वतः काढलेलं चित्र देऊन बदल्यात गोळ्या मागतात. फुकट नाही हं, चित्र द्यावंच लागतं. आमच्या मुलाने सगळ्यांना गणपतीच काढून दिला. फ्रिजवर लावलाय म्हणे लोकांनी.

गोंधळलेली

धागा वाचून हुरूप आलाय पण एक व्यावहारिक प्रश्न, हे सगळं लपवायचं कुठे? माझी दोघं घरातलं एकेक कपाट ओळखून आहेत.

धागाकर्ती

मोठा प्रेशर कुकर. वर झाकण लावून ठेवायचा. मुलं कुठेही बघतील, कुकर उघडणार नाहीत.

स्टुटगार्टकर

इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाखाली. तिथे तर नवराही बघत नाही, आणि हे मी नवरा असून सांगतोय.

ह्यूस्टनची मावशी

कुठेही ठेवा, गाडीच्या डिकीत नको. टेक्ससमध्ये एप्रिलच्या उन्हात सुद्धा चॉकलेट पार वितळतं, आणि पुस्तकासकट मोज्यांत मुरतं.